साठ लिटर

याग्ना बर्गेनला गेली तेव्हा
काचेची रिकामी पेटी मागे राहिली.
'एखादा मासा पाळा, बाबा,
घरात काही हलतं राहील.'
मी मासा आणला नाही.
पंचवीस किलो मिठाची बादली आणली,
चार मजले चढवली,
प्रत्येक वळणावर टेकवत.

या शहराचं नाव वूच. म्हणजे होडी.
समुद्र इथून तीनशे किलोमीटरवर,
आणि तोही थंड, अळणी,
नावापुरता खारा.

एकतीस वर्षं ट्रामच्या डेपोत
मी चाकांपुढच्या पेट्यांत वाळू भरली,
ओल्या रुळावर गाडी निसटू नये म्हणून.
आता वाळू तळाशी अंथरली,
वर दगड रचले
आणि सहा आठवडे दगडांकडे बघत बसलो.
आत काही नव्हतं.
म्हणजे होतं, डोळ्यांना नव्हतं.
परीक्षानळीतलं हिरवं पिवळं होईपर्यंत
कुणाला आत सोडायचं नाही, असा नियम.
आधी तपकिरी साय धरली,
मग दगडांना हिरवे केस फुटले.
दुकानातला पोरगा म्हणाला,
'कुरूप दिसायला लागलं? मग जमतंय.'

त्याच सुमारास रात्री टकटक सुरू झाली.
मी घड्याळाचा सेल काढला,
हीटरच्या नळ्या आवळल्या.
चौथ्या रात्री सापडला तो:
दगडाबरोबर फुकट आलेला,
बोटाच्या पेराएवढा झिंगा,
एका नांगीने चुटक्या वाजवणारा.
भाडं नाही, करार नाही.
मी त्याला इन्स्पेक्टर म्हणतो.

पाणी रोज बोटभर उडून जातं.
मीठ जात नाही.
हे मला उशिरा कळलं.
कमी झालं की मी खारंच ओतत गेलो,
आणि प्रवाळ मिटत गेलं
एकेक तोंड करून, रुसल्यासारखं.
गेलं ते गोडं पाणी,
भरायचं तेही गोडंच.
मीठ आधीचंच पुष्कळ असतं.
रविवारी याग्ना विचारते, नवीन काय?
बोटभर कमी झालं, मी सांगतो.
काय?
काही नाही. भरलं.

फेब्रुवारीत पाणी बदलताना
खुर्चीतच डोळा लागला.
नळी बादलीतून निसटली.
अठरा लिटर जमिनीतून खाली,
थेट क्लेचिन्स्का बाईंच्या पलंगावर.
बारा वर्षं बाई मला पाण्यात पाहत होत्या:
जिन्यातली सायकल, माझा रेडिओ,
माझे बूट, बुटांचा आवाज.
आल्या त्या ओली उशी घेऊन.
'खारट आहे,' म्हणाल्या.
चाखून आल्या होत्या.
'माझ्या छतातून खारट का गळतंय?'

मला उत्तर सुचेना. बाजूला झालो.
निळा दिवा अजून चालू होता,
पाणी दोन-तृतीयांश उरलेलं,
आणि त्यात हातोडी प्रवाळ
काही घडलंच नाही अशा थाटात
आपली हिरवी बोटं हलवत होतं.
बाई स्टुलावर बसल्या, उशी मांडीवर,
आणि अर्धा तास खरोखरच
पाण्यात पाहत राहिल्या.
इन्स्पेक्टरने चुटकी वाजवली.
'हा आवाज!' बाई ताडकन उठल्या,
'मला वाटायचं, तुम्ही नखं कापता.
रोज रात्री. मुद्दाम.'

तेव्हापासून दर मंगळवारी
दाराबाहेर एक बाटली असते,
इस्त्रीत घालायचं शुद्ध पाणी, पाच लिटर.
चिठ्ठी नसते. सायकलीबद्दल बोलणं होतंच.
मासा अजून आणलेला नाही.

एप्रिलमध्ये ब्रश आणि चुना घेऊन
मी खाली गेलो, त्यांचं छत रंगवायला.
डाग होता, पसरट, एखाद्या बेटासारखा,
आणि त्याच्या काठाकाठाने
मिठाचे बारीक पांढरे तुरे.
शिडी लावली.
बाईंनी ती धरली नाही.
'थांबा,' म्हणाल्या,
'वाढतंय का, बघू दे.'